तळवाडीच्या अकरा काचा

बन्सीधरने पानाची पिंक टाकायला मान वळवली म्हणून बरं, नाहीतर चंद्रभानचा चेहरा त्याने पाहिलाच असता. सकाळचे साडेसहा वाजले होते. परभणीच्या एसटी स्टँडवर पिंगळीकडची गाडी लागली होती. चंद्रभानच्या खांद्याला खाकी झोळी आणि हातात लांब दांड्याची पांढरी पळी होती, आणि ती बघून कंडक्टरने नेहमीप्रमाणे, कुणाच्या लग्नाचा स्वयंपाक हाय, असं विचारूनही झालं होतं. तेवढ्यात बन्सीधर सायकलवरून आला. हा बन्सीधर मूळचा मानवतचा, हिवतापाच्या प्रयोगशाळेत दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणारा. आणि चंद्रभान खिल्लारे खेड्यापाड्यांतून फिरून त्याला काचा पुरवणारा. घरोघर जायचं, ताप आहे का विचारायचं, बोट टोचून रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर घ्यायचा, नंबर घालायचा, चार गोळ्या द्यायच्या आणि पुढचं घर गाठायचं. पाच वर्षं दोघांचं असं चाललं होतं. "तुझ्या तळवाडीच्या काचा काल बघितल्या," बन्सीधर म्हणाला. "अकराच्या अकरा हिवतापाच्या निघाल्या. सायबानं टेबलावर एका रांगेत लावल्यात. मला म्हनले, बन्सीधर, हे अकरा जण सख्खे भाऊ हायत का हो?" एवढं बोलून तो हसला आणि पिंक टाकायला वळला.

चंद्रभाननेही हसून दाखवलं. बन्सीधर पुढे सांगत होता. साहेब आज चार वाजता जीप घेऊन येणार, आधी तळ्यावर, मग वाडीत. घरोघर गोळ्या द्यायच्या आणि फिरून रक्त घ्यायचं, चंद्रभानच्याच हातानं, त्यांच्या समोर. "तवर तू तळ्याची नोंद करून ठेव म्हनले. अळ्या, किडे, पाखरं, काय दिसंल ते. आन् तोंड असं का उतरवलंस? शाबासकी भेटंल तुला. अख्खी वाडी धरलीस." गाडी सुटली. खिडकीच्या गजावरचा हात घामाने निसटतो आहे हे चंद्रभानला जांबाच्या झाडांजवळ कधीतरी कळलं. शंभर काचांत चार निघाल्या तरी खातं जागं होतं. एका वाडीतल्या अकरापैकी अकरा म्हटल्यावर कुणाच्याही मनात पाल चुकचुकावी, आणि साहेब तर पुण्याकडचे, किड्यांवर मोठी परीक्षा दिलेले. त्यांनी जे विचारलं ते फारसं चुकीचंही नव्हतं. ती अकरा माणसं भाऊ नव्हती, त्यांची आडनावं तीन तऱ्हेची होती. पण त्या अकराही काचांवरचं रक्त एकाच माणसाचं होतं, आणि तो माणूस या गाडीत मागून तिसऱ्या बाकावर पळी मांडीत धरून बसला होता.

पिंगळीला उतरून तळवाडीचं तळं तीन मैल. हे तळं काही निजामाच्या वेळचं नव्हे. बहात्तरच्या दुष्काळात निघालेलं सरकारी काम, पाझर तलाव. चंद्रभानची आई बायनाबाई या बांधावर आठ महिने माती वाहत होती. तेव्हा खालच्या खड्ड्यात पाण्याचा टिपूस नव्हता. पायाखालची माती एवढी तापायची की बायका पायाला चिंध्या बांधून चालायच्या, आणि दुपारी पाटीच्या सावलीत डोकं तेवढं ठेवून पडायच्या. आई म्हणायची, पाणी येऊ दे, मग बघ, पाखरं येतील. पाखरं आली. पाण्याबरोबर डासही आले, आणि डासांच्या मागे सरकारी झोळी घेऊन बायनाबाईचा मुलगा आला. तळ्याच्या वरच्या अंगाला उंचवट्यावर वाडी, दहा घरांची, सगळी शेतीवाली. बांधाच्या खालच्या अंगाला, जिथे पाणी पाझरून डबकी साठतात, तिथे वस्ती. ती बौद्धांची. तिथे त्याची मावशी कडूबाई राहायची. छप्पन साली दीक्षा घेऊन आली तेव्हा चंद्रभान आठ वर्षांचा होता. तिने त्याच्या हातावर साखर ठेवली होती आणि आता आपल्याला कुणाचं भ्या न्हाई असं म्हटलं होतं. तिच्या आवाजातली ती ऐट त्याला अजून ऐकू यायची. आता वीस वर्षं होऊन गेली होती.

बाभळीखाली बसून त्याने वही उघडली. दसरा होऊन गेला होता, पाणी काठोकाठ होतं, आणि एरवी ही जागा त्याला आवडायची. साहेबांना पाखरांचा नाद होता. डासाच्या अळ्या कोण खातं ते शोधा खिल्लारे, ते म्हणायचे, सरकार पावडर कुठवर पुरवणार. म्हणून त्यांनी त्याला नावं शिकवली होती आणि त्यानेही ती हौसेने पाठ केली होती. आज त्याने लिहिलं, सकाळी साडेआठ, टिबुकल्या सात. लगेच सातातल्या चार बुडाल्या आणि तीनच उरल्या. टिबुकली बुडते ती जिथे बुडाली तिथे कधी वर येत नाही. लांब कुठेतरी गवताशी डोकं काढते आणि बघते, आपल्याला कुणी बघतंय का. तो किती वेळ त्या चारांची वाट बघत राहिला. त्यांच्यातली एक वर आलीच नाही असं त्याला वाटलं, आणि तो उठून काठापर्यंत जाऊन आला. टिबुकलीचं काय एवढं, तो स्वतःला म्हणाला. काठाशी शेकाट्या पक्षी गुलाबी पाय एकेक उचलून चिखलात चालत होते. टिटवी मात्र त्याने पानही उलटलं तरी ओरडत होती. तिला बाकीच्या जगाला सांगायचं होतं की इथे माणूस बसलाय. त्याला एक खडा उचलून तिला हाणावासा वाटला. तीन वर्षांत त्याने या तळ्यावर कशालाही खडा मारला नव्हता.

त्या दिवशीही टिटवी अशीच ओरडत होती, गणपती उठले होते त्याच्या दुसऱ्या दिवशी. बसमधून उतरून तो आधी वस्तीत गेला, कारण वाटेत आधी वस्ती लागते. सहा बोटं टोचली, मावशीकडे चहा घेतला आणि मग वर वाडीत गेला. चूक झाली ती एवढीच. किशनरावांच्या ओट्यापाशी उभं राहून त्याने नेहमीसारखं विचारलं, ताप वगैरे कुणाला. एरवी ते आतूनच न्हाई म्हणायचे आणि तो भिंतीवर तारीख घालून पुढे जायचा. भिंतीवर लिहू द्यायला वाडीची कधीच हरकत नव्हती. पण त्या महिन्यात वरून हुकूम होता, ताप असो नसो, घरटी एक काच घ्याच, सत्तरीपुढचं माणूस असेल तर त्याचीही. किशनराव बाहेर आले. भला माणूस, कधी अरे-तुरे करणार नाही. त्यांनी हात पुढे करायला घेतला होता, हे चंद्रभानने नीट पाहिलं होतं, पुढे कितीदा तरी आठवून पाहिलं होतं. तेवढ्यात दाराआडून त्यांची आई धुरपताबाई म्हणाली, "किशन, त्यो खालून आलाय. सुई खाली लावून आनली त्यानं." चंद्रभानने स्पिरिटचा बोळा दाखवला, सुई परत पुसून दाखवली. किशनराव सुईकडे बघत राहिले आणि मग त्यांनी हात धोतराला पुसला. काहीच लागलेलं नव्हतं हाताला, तरी पुसला. "ऱ्हाऊ द्या आता," ते म्हणाले. "पुढच्या टायमाला आधी हिकडं या, मंग देऊ की." आवाज अगदी समजुतीचा होता. पुढच्या नऊ घरांत त्याच्या आधी निरोप पोचलेला होता. कुणी अंगावर आलं नाही, कुणी वाकडा शब्द काढला नाही. सगळे पुढच्या टायमाला म्हणाले.

मग तो इथेच येऊन बसला होता, याच बाभळीखाली. झोळीत अकरा कोऱ्या काचा होत्या. कागदात 'नकार' असा एक रकाना होता. तो भरला असता तर काम संपलं होतं. पण त्या रकान्याला लागून 'कारण' असाही एक रकाना असतो. लोक सुईला भितात असं लिहिता आलं असतं, नसबंदीच्या भीतीने पळून गेले असंही लिहिता आलं असतं, त्या वर्षी ते कुणालाही पटलं असतं. मग साहेबांनी विचारलं असतं, अकराच्या अकरा पळाले? आणि वस्तीतले कसे थांबले? शेवटी ते वाक्य त्याच्या तोंडून निघालंच असतं. साहेब, ते माझ्या हातात हात देत नाहीत. ऑफिसात खुर्चीला खुर्ची लावून तो बसायचा, बन्सीधरच्या डब्यातलं खायचा, पावसाळी सहलीला साहेबांनी त्याच्या मुलाला कडेवर घेतलं होतं. त्या सगळ्यांच्या देखत हे वाक्य बोलायचं म्हणजे भर कचेरीत अंगावरचा सदरा काढण्यासारखं होतं. म्हणून त्याने डाव्या हाताची करंगळी टोचली. एका टोचणीत चार काचा झाल्या, मग दुसरं बोट, मग तिसरं. एकेक काच उन्हात वाळत घालताना तो नाव म्हणत होता, किशनराव, दत्तराव, धुरपताबाई. खरं सांगायचं तर त्याला मजाही वाटली होती. धुरपताबाईच्या नावावर आपलं रक्त चढवताना तर तो चक्क हसला होता. त्या दिवशी अंगात थोडी कसर होती, पण उन्हातान्हातल्या माणसाला कसर असायचीच. हिवताप खात्याच्या माणसाने आपलं रक्त कधी तपासलेलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

आता त्या हसण्याची त्याला भीती वाटत होती. नोकरी जाईल ही भीती साधी होती, तिचा आकार त्याला ठाऊक होता. दिवस आणीबाणीचे. महिन्यापूर्वीच दुसऱ्या एका खात्यातल्या कारकुनाला एका सहीत घरी बसवलं होतं, आणि तो अजून रोज डबा घेऊन स्टँडवर येऊन बसायचा. पण वाडीला कळलं तर? तुमच्या नावाने त्या खालच्याचं रक्त सरकारात जमा आहे, हे किशनरावांना कुणी सांगितलं तर? याला काय आकार असेल ते चंद्रभानला काढता येत नव्हतं. तो चाचपडत होता आणि प्रत्येक वेळी हाताला काहीतरी वेगळंच लागत होतं. कधी मावशीचं छप्पर, कधी डबक्याची वाट, कधी नुसताच धोतराला पुसलेला हात. पळी घेऊन तो उठला. उथळ पाण्यात गवताच्या मुळाशी पळी बुडवायची, हळू उचलायची आणि उन्हाकडे धरायची. पहिल्या पळीत काही नाही. दुसरीत सहा अळ्या, पाण्याच्या सपाटीशी आडव्या पडलेल्या. साध्या डासाची अळी डोकं खाली करून लोंबते. आडवी पडते ती हिवतापाची. तिसऱ्या पळीत एक पाणढेकूण आला, अंगठ्याच्या पेराएवढा, आणि त्याच्या पाठीवर अंडी चिकटवलेली होती, एकाला एक लागून. ती नराच्या पाठीवर असतात, साहेबांनी सांगितलं होतं. मादी अंडी घालून निघून जाते आणि नर ती घेऊन हिंडतो, त्याला ना धड उडता येतं ना पळता. चंद्रभानने अंडी मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली. त्याने पळी पालथी केली.

दहाच्या सुमाराला सगळं तळं एकदम गप्प झालं. टिटवीसुद्धा. त्याने मान वर केली तर बांधाच्या बाजूने एक भोवत्या ससाणा पंख न हलवता येत होता, पाण्यापासून दोन पुरुष उंच, अगदी सावकाश. बदकं एकमेकांना चिकटून गोळा झाली. तो कुणावरही झडप घालत नव्हता. नुसता वरून जात होता आणि खाली बघत होता, कोण जागचं हलतंय, कोण दुखलेलं आहे, कोण कळपातून सुटं पडलंय. एक फेरी, मग दुसरी. निवळीचे किडे तेवढे पाण्यावर गिरक्या घेत राहिले, त्यांना ससाण्याचं काय. चंद्रभान बाभळीच्या बुंध्याला पाठ लावून श्वास धरून बसला होता आणि आपण असे का बसलोय हे त्याचं त्यालाच समजत नव्हतं. ससाणा निघून गेल्यावरही बराच वेळ कुणी हललं नाही. त्याने वहीत लिहिलं, ससाणा एक, दहा वाजून पाच मिनिटं. अक्षर वाकडं आलं. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आज पाळीचा दिवस आहे. गेले दहा दिवस त्याला एक दिवसाआड चार वाजता थंडी वाजायची, तासभर हाडं खिळखिळी व्हायची आणि मग अंग भाजून निघायचं. बायकोला तो दमणूक म्हणून सांगायचा. काल नव्हती, म्हणजे आज आहे. साहेबही चारलाच येणार होते.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा कडूबाई बांधावरून आली, फडक्यात भाकरी आणि ठेचा बांधून. किशनरावांच्या रानात ती कापूस वेचायला होती, कंबरेची ओटी अजून तशीच होती आणि केसांत कापसाचे तंतू. "काय करायलास रं चंदर?" तिने विचारलं.

"पाखरं मोजायलोय मावशे."

"त्याचा पगार देतेत?" ती हसली आणि शेजारी बसली. मग त्याचं तोंड बघून तिचं हसू गेलं. त्याने तिला सांगितलं. सगळं सांगितलं, हसण्याचंसुद्धा. सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता. एक चतुर पुन्हापुन्हा शेपटीचं टोक पाण्याला लावून उडत होता, तिकडे बघत होता. कडूबाईने भाकरीचं फडकं सोडलं होतं ते परत बांधलं. "म्हंजी म्हातारीच्या नावावर तुजं रगत?"

"हां."

"आय्यो," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावला. ती हसते आहे असं त्याला क्षणभर वाटलं. मग तिने पदर काढला तर चेहरा पार उतरलेला होता. "आता काय म्हननार तू सायबाला?"

"खरं सांगावं म्हनतो. त्यांनी हात दिला न्हाई म्हनून."

"आन् मंग?"

"मंग काय, त्यांची बी चूक निघंल. सरकारी कामाला नाही म्हनता येत न्हाई त्यांना. आता तर शिवाशिवीचा कायदा लय कडक करायलेत म्हनं."

कडूबाईने पाय मांडीवर घेतला. तिने पायाला टोचलेली सराटी काढली, ती लांब फेकली. "चंदर," ती म्हणाली, "तुजी बस सांजंला निघून जाती. आमी हितंच ऱ्हातो. सहा घरं हायत आमची, आन् सहाच्या सहा त्यांच्याच कापसात हायत. तू काय बी सांग. मी चुकलो म्हन, झोपलो म्हन, पेलो म्हन. पन त्यांनी हात दिला न्हाई असं म्हनू नको." तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "अंग कढत लागायलंय तुजं," ती म्हणाली आणि उठली, कारण उशीर झाला की मुकादम बोलायचा. जाताना दोनदा वळून तिने बघितलं. वीस वर्षांपूर्वी साखर देणारी ती आणि बांधावरून चाललेली ही बाई एकच, हे त्याला जुळवता येईना. त्याला तिचा राग आला. मग त्या रागाची लाज वाटली, कारण ती म्हणाली त्यात खोटं काही नव्हतं.

त्याने फडकं सोडलं आणि भाकरी तशीच ठेवली. मुंगळे आले, त्यांनी एका कडेने तिला हात घातला, आणि तो बघत राहिला. त्याने झोळीतून गोळ्यांची बाटली काढली. आत्ता चार घेतल्या तर आज निदान साहेबांसमोर हुडहुडी भरणार नाही, असं मनात आलं. मग असंही आलं की गोळ्या मोजून दिलेल्या असतात आणि मोजून घेतल्या जातात. बाटली परत ठेवली. पिंगळी स्टेशन तीन मैल, साडेतीनची पॅसेंजर पूर्णेकडे जाते. पूर्णेला उतरायचं आणि पुढे? पुढे काही नव्हतं. बायको, मुलगा आणि भिंतीला लावलेली दोन खोल्यांची किल्ली परभणीतच होती. त्याने ते वाक्य एकदा मोठ्याने म्हणून पाहिलं. "साहेब, त्यांनी हात दिला नाही." उघड्यावर, तळ्याकाठी, माणूस नाही काणूस नाही. तरी आवाज ऐकून तो दचकला. खंड्या वठलेल्या फांदीवरून चीत्कारत उडाला. इतकं लहान वाक्य होतं. त्यात शिवी नव्हती, आरोपही फारसा नव्हता. तरी त्याला घाबरून तो महिन्यापूर्वी आपलंच रक्त लोकांच्या नावावर चढवून मोकळा झाला होता, आणि अजूनही घाबरतच होता. मग त्याने दुसरं वाक्य म्हणून पाहिलं, साहेब मी झोपलो होतो. ते सहज निघालं. तेही त्याला आवडलं नाही.

तीननंतर ऊन पिवळं पडत गेलं तसं त्याचं सगळं लक्ष पाण्यावरून अंगावर आलं. नखं निळी दिसतात का, पाठीच्या कण्यातून थंडी निघाली का. वेडे राघू तारेवरून सुटून हवेतल्या हवेत माशा पकडत होते आणि परत तारेवर येऊन त्या आपटत होते. तो आवाज इतक्या लांबून ऐकू येणं शक्य नव्हतं, पण त्याला येत होता. वहीत त्याने सत्तावीस नोंदी केल्या होत्या. पुढे कुणी ही वही बघितली तर म्हणेल, काय निवांत दिवस गेला असेल या माणसाचा. चारला पाच कमी असताना धूळ दिसली.

साहेब उतरले ते थेट पळीकडे वळले. अळ्या बघितल्या, वही बघितली, पाणढेकणाची नोंद वाचून "वा" म्हणाले. अकरा काचांबद्दल चकार शब्द काढला नाही.  जीप वाडीत शिरली तेव्हा किशनराव ओट्यावरच होते, सरकारी गाडी बघून त्यांनी टोपी घातली. घोंगडी अंथरली. साहेबांनी झोळीवर कागद पसरला, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "किशनराव तुम्हीच ना? गेल्या महिन्यात या आमच्या माणसाने तुमचं रक्त घेतलं होतं?"

किशनरावांनी आधी जीपकडे पाहिलं, मग पेनाकडे आणि शेवटी चंद्रभानकडे. चंद्रभान ओट्याच्या खाली उभा होता. ती नजर त्याला ओळखू आली. सकाळी आरशात दाढी करताना नव्हती, पण स्टँडपासून आतापर्यंत ती त्याच्या डोळ्यांत असणार. "घेतलं की," किशनराव म्हणाले. "ह्याच वट्यावर. हे बोट." त्यांनी उजव्या हाताचं बोट दाखवलं. "आमी तसलं काय मानीत न्हाई साहेब."

"तसलं म्हणजे?"

"न्हाई, आपलं... सुईचं भ्या."

साहेबांनी कागदावर खूण केली. चंद्रभानला वाटलं आता आपण सुटलो, आणि सुटल्यासारखं मात्र काही वाटेना. नोकरी वाचली, मावशीचा कापूस वाचला, आणि तो दिवस, तो पुसलेला हात, ते दाराआडचं बोलणं, असं काही कधी घडलंच नाही असं आता सरकारी कागदावर झालं. "चला, घ्या परत," साहेब म्हणाले. किशनरावांनी हात पुढे केला. चंद्रभानने तो धरला. जाड, कष्टाचा हात होता, थंडगार पडलेला, आणि कापत होता. आपण ज्याला भीत दिवस काढला तो माणूस आपल्याहून जास्त भ्यालाय, हे त्याला त्या हातातून कळलं. त्यामुळे त्याला धीर आला नाही, उलट आणखीच भीती वाटली, कारण भ्यालेला माणूस साहेब गेल्यावर काय करील याचा नेम नसतो. मग दाराच्या फटीतून एक वाळका हात बाहेर आला. "किशन," आतून धुरपताबाई म्हणाली, "आज आधी हितं आलाय ना त्यो?" किशनराव घाईने म्हणाले, "हितंच आलाय, आई." चंद्रभानने तेही बोट टोचलं. काच नंबर तीनवर थेंब घेताना त्याचे दात वाजले. त्याने जबडा आवळला, तर खांदे हलायला लागले, मग गुडघे, आणि काच ओट्याच्या दगडावर खडखडली.

साहेबांनी त्याचं मनगट धरलं. "खिल्लारे, तुम्हाला ताप आहे. कधीपासून?"  साहेबांनी त्याला धरून ओट्यावर बसवलं, घोंगडीवर, किशनरावांच्या शेजारी. स्वतः सुई पुसली, नवी काच घेतली आणि त्याचं बोट आपल्या हातात घेतलं. "तुमचीही एक काढून ठेवू. बारावी." आवाजात काहीही नव्हतं. ते त्याच्या तोंडाकडे बघत होते, शांतपणे, तळ्यावर पाखरू बघावं तसे, त्याने हलायची वाट बघत. उद्या सकाळी बन्सीधर ही काच त्या अकरांच्या रांगेत ठेवील, एक डोळा मिटील, आणि जे इतके दिवस त्याने तोंडातून निघू दिलं नाही ते काच बोलून टाकील. एवढी एक रात्र तरी मिळेल. पण आणखी एक रात्र भ्यायची ताकद त्याच्यात नव्हती, खरोखर नव्हती. कडूबाईच्या केसांतले तंतू त्याच्या डोळ्यांसमोर आले, तरी त्याने बोट सोडवून घेतलं.

"बारावी कशाला साहेब," दातांवर दात आपटत तो म्हणाला. "अकरा आहेत की तुमच्याकडे माझ्या. यांनी हात दिला नव्हता."

साहेबांची सुई तशीच राहिली. किशनरावांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, परत घातली. रस्त्यावर वाडीतली चार माणसं जमली होती ती जागच्या जागी उभी राहिली.

"काय म्हनला रं त्यो?" आतून धुरपताबाईने विचारलं. तिला कमी ऐकू यायचं. थोडं थांबून तिने पुन्हा विचारलं, "किशन, काय म्हनला त्यो?"